धुळाप्पाच्या दंडातले गडी

धुळाप्पाचा उजवा हात प्लास्टरमधून बाहेर आला, तेव्हा त्याला तो आपला वाटेचना. आत गेला तेव्हा दंड मुसळासारखा होता. बाहेर आला तो नुसती काठी. धाराशिवच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, "हाड जुळलंय. आता हात हलवत राहा." पण डॉक्टरचं ऐकेल तर तो धुळाप्पा कसला! त्यानं हात घोंगडीच्या पट्टीत गुंडाळून गळ्यात अडकवला आणि मेंढीच्या दुधावर ताव मारायला सुरुवात केली.

"लंगडी मेंढी म्या वाघरात बसवतो," तो बायकोला, हरणाबाईला म्हणाला. जाळीच्या त्या कुंपणात तसली एक मेंढी महिनाभर बसूनच होती. "बसली की बरी हुती. हाताचंबी तसंच."

मेंढी बरी होईना आणि दंड भरेना. येरमाळ्याची चैत्री यात्रा तीन आठवड्यांवर आली. तीस वर्षं धनगरांच्या गजी नाचाचा ढोल धुळाप्पाचा होता. यंदा तो पुतण्याकडे, बिरदेवाकडे जायची लक्षणं दिसू लागली. बिरदेवाचा ठेका ऐकला की धुळाप्पा नाक मुरडायचा. पण खरी गोष्ट वेगळीच होती. त्याला भीती वाटत होती. ढोल गेला तर आपल्याला गावात कोण विचारणार, हा घोर त्याला लागला होता.

हरणाबाई शाळेतल्या वनमालाबाईंकडे दुधाचा रतीब घालायची. बाई तुळजापूरच्या, शास्त्र शिकवायच्या, त्याच साली, म्हणजे बासष्टला बदलून आलेल्या. "बाई, त्येंच्या हातातलं मांस वाळलंय, आता काय करावं?" असं तिनं विचारलं, आणि रविवारी सकाळी बाई थेट गजीच्या माळावर हजर झाल्या. गडी सरावाला जमले होते आणि धुळाप्पा हात गळ्यात अडकवून कडेला बसला होता.

"मामा, मांस म्हणजे काय ते दाखवते," त्या धुळाप्पाला म्हणाल्या. "पटके काढा सगळ्यांनी."

बाईमाणसानं पटके मागितलेले गड्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. पण शाळेच्या बाई पडल्या. उघडी डोकी खाजवत त्यांनी पटके दिले. बाईंनी दोन बांबू बारा पावलांवर समोरासमोर धरायला लावले, प्रत्येक बांबूला दोन-दोन पटके बांधून टोकं मधे आणली. मधे चार गडी उभे केले, दोघांचं तोंड इकडं, दोघांचं तिकडं.

"मांसाच्या बारीक धाग्यात असंच असतं. सात-आठ वर्षांपूर्वीच विलायतेत हे हुडकलंय. मधल्यांनी पटका धरायचा, ओढायचा, सोडायचा, पुढं धरायचा. पण हुकूम आल्यावर. तुमचा हुकूम म्हणजे ढोल. वाजवणार कोण?"

बिरदेव सासुरवाडीला गेला होता. कुणी पुढं होईना. शेवटी गडी बिनढोलाचेच ओढू लागले, आणि एकच गोंधळ उडाला. एक धरतोय तोवर दुसरा सोडतोय. एक बांबू धरणारा बंडप्पा तर बांबूसकट धुळीत बसला.

धुळाप्पानं दोन वेळा डोळे मिटून घेतले. तिसऱ्या वेळी त्याच्यानं राहवेना.

"अरं गाढवांनो! आमी ह्येच शिकवलं व्हय तुमाला?"

गळ्यातली पट्टी फेकून त्यानं काठी उचलली आणि ढोलावर पहिला ठोका टाकला.

धर, ओढ, सोड. धर, ओढ, सोड. चारही गडी एका ठेक्यात आले. बांबू सरकत सरकत इतके जवळ आले की ते धरणारे एकमेकांकडं बघून हसायला लागले. धुळाप्पा थांबला, तसे हात सुटले आणि पटके सैल पडले.

"आता सांगा," बाई म्हणाल्या, "कुणी गडी बुटका झाला? पटका आखूड झाला?"

"न्हाय," बंडप्पा म्हणाला. "निस्तं आत सरकलं."

"दंड आवळतो तो असाच. आत असे गडी लाखांनी. हुकूम मिळाला नाही की ते कमी होत जातात, म्हणून दंड वाळतो. रोज ढोल वाजला की पुन्हा भरती होते."

धुळाप्पानं हातातल्या काठीकडं पाहिलं. उजवा हात चांगला ठणकत होता.

"बाई, तुमी मला फशिवलं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसतही होता. "किती गडी उरल्यात आत?"

"यात्रेपुरते आहेत."

त्या दिवसापासून तो रोज माळावर जाऊ लागला. पहिल्या दिवशी दहा ठोके, मग वीस, मग एक अख्खा फेर. यात्रेत त्यानं दोन फेर वाजवले. तिसऱ्याला हात अडला, तशी त्यानं काठी आपणहून बिरदेवाला दिली. "घे. म्होरल्या वर्साला तीन फेर माजं," असं बजावून तो बाजूला बसला, आणि पुतण्याचा ठेका चुकला तिथं मोठ्यानं शिव्या घालू लागला.

दुसऱ्या दिवशी हरणाबाई दूध काढायला गेली, तर वाघूर एका बाजूनं उघडं. लंगडी मेंढी बाहेर चरायला निघाली होती, अडखळत का होईना, आणि धुळाप्पा तिच्यामागं जीभ टाळ्याला लावून ठेका धरत चालला होता.

"अवं, पाय दुखतोय की तिचा!"

"दुखू दे," धुळाप्पा म्हणाला. "गडी जमा व्हायलेत."