यंत्राच्या अंगातली झिणझिण

माझ्या मुलीला वागायची रीत नाही. बऱ्याच महिन्यांनी घरी आली, बॅग दारातच टाकली, दिलेलं पाणी अर्धं प्यायली, आणि आई कशी आहेस एवढं विचारायच्या आधी पर्समधून एक लोखंडी बोट काढून माझ्या पंख्याच्या जाळीत खुपसलं.

खोटं सांगत नाही. खरोखरचं बोट. माणसाच्या बोटाएवढं, पेरापेराशी वाकणारं, टोकाला गोल. ते जिथं आत शिरून पात्याला नाहीतर तारेला लागेल, तिथं माणसाचंही लागेल, म्हणून ती वस्तू नापास. हिचं पोट ह्याच कामावर चालतं. विजेवर फिरणाऱ्या यंत्रांची कवचं बेतायची, म्हणजे ड्रिल, मिक्सर, पंप, असल्या वस्तूंची वरची बॉडी. आतली मोटार दुसरं कोणी करतं. ही नुसती वरची पेटी करते आणि त्याचा हिला पगार मिळतो. शेजारणीला सांगताना मी ‘इंजिनियर आहे’ म्हणते आणि विषय बदलते.

“पंखा नापास,” ती म्हणाली.

“मीही नापासच आहे, चौथी. मलाही टाक भंगारात.”

“आई, बोट पात्याला लागतंय.”

“इतक्या वर्षांत कोणाचं लागलं नाही. तुझंच बरं लागलं.”

पंख्यानंतर इस्त्री झाली, मग पाणी तापवायची किटली. चहा निवत होता. मी कपावर बशी झाकली, तरी हिचं लक्ष नाही. असं सगळं घर टोचत टोचत बाईसाहेब पुढच्या खोलीत गेल्या, आणि मी मागोमाग धावले. कारण पुढच्या खोलीत माझं दुकान आहे, आणि दुकानात माझं यंत्र.

मी धार लावते. शिंप्यांच्या कात्र्या, खाटकाचे सुरे, घराघरांतल्या सुऱ्या. कोपऱ्यावरचा सलूनवाला तर म्हणतो, मावशी, यंत्र बंद पडलं तर जिभेवर घासून द्या. हे यंत्र ह्यांनी केलेलं. हे म्हणजे हिचे बाबा. ह्यांचा धंदा मोटारींच्या वाइंडिंगचा. जळलेली मोटार कोणी आणून टाकली की जुनी तार उपसायची आणि नवी भरायची. अशीच एक मोटार घ्यायला कोणी परत आलंच नाही. ह्यांनी ती माझ्यासाठी भरली. खाचांत बसवायचा पिवळा कागद मी कापला, तार ह्यांनी भरली, दोऱ्याच्या गाठी ह्यांनी मारल्या, वर जाड बिडाची बॉडी चढवली, दांड्याला धारेचा दगड लावला. पुढे हे गेले. यंत्र फिरतंय.

मुलीनं इथं बोट काढलं नाही, मीटर काढला. एक तार नळाला लावली, एक यंत्राच्या बॉडीला. आकडा बघून तिचा चेहरा बदलला.

“आई, बॉडीत करंट आहे. हात लावलास की झिणझिण्या येत नाहीत?”

“नाही,” मी म्हटलं.

येत होत्या. रोज येत होत्या.

ह्यांची एक सवय होती. कुठल्याही यंत्राला पहिला हात लावायचा तो उलटा. बोटांची मागची बाजू हळूच टेकवायची आणि मान वाकडी करून थांबायचं, जसं काही ते कानात काही सांगणार आहे. पोरीला ताप आला का तेही उलट्याच हातानं बघायचे. आणि कोणी बघत नसलं की माझ्या गालालाही तसाच हात लावायचे. सरळ हातानं गाल धरणारा माणूस नव्हताच तो.

हे गेल्यावर कधीतरी ओल्या फडक्यानं यंत्र पुसत होते. पाय उघडे होते. आणि उलट्या बोटांना मुंग्या आल्या. अगदी हलक्या, गवताची काडी कोणी ओढावी तशा. आता मी काय समजायचं? मी काही पेट्या करणारी इंजिनियर नाही. मी जे समजायचं ते समजले. तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ह्यांनीच घालून दिलेली रबरी चटई पायानं बाजूला सारायची, चपला काढायच्या, हात ओला करायचा आणि उलटी बोटं टेकवायची. हवा दमट असली की जास्त लागायचं. सुक्या हवेत दिवस दिवस काही नाही, मग माझा दिवस वाईट जायचा आणि गिऱ्हाइकांचा त्याहून वाईट. कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

“हे आता वापरायचं नाही,” मुलगी म्हणाली. “मी नवीन आणून देते. प्लास्टिकची बॉडी, हलकं, आवाज नाही.”

“आवाज नाही म्हणजे मेलेलंच की.”

“आई, पाण्याचा डबा बाजूला, हात ओले, जमीन ओली. एखाद्या दिवशी—”

“एखाद्या दिवशी सगळेच जातात. तू चहा पी. निवलाय तो.”

प्यायली निवलेला. पण डोळे यंत्रावरच. रात्री जेवून उठली तीही यंत्राखालची चटई बघायला.

सकाळी मला वाटलं झोपली असेल. मी चटई सारली, चपला काढल्या, बोटं टेकवली. मागून अशी काही किंचाळली की डब्यातलं पाणी माझ्याच पायावर सांडलं. तिनं धावत जाऊन प्लग ओढला.

“मरायचंय का तुला? तरी म्हटलं चटई नव्यासारखी कशी, आणि तिच्या शेजारची फरशी एवढी झिजलेली कशी! मुद्दाम उतरतेस तू खाली! का?”

“ओरडू नकोस. शेजारी ऐकतात.”

“ऐकू देत. का उतरतेस?”

मी पदराला हात पुसले. दुसरं काही सुचेना म्हणून खरं तेच सांगितलं. “तुझे बाबा असतात.”

ती हसली असती तर मी तिला घरातून काढली असती. हसली नाही. दगडासमोरच्या माझ्या स्टुलावर बसली आणि बोर्डापासून यंत्रापर्यंतची तार बोटांनी चाचपत आली.

“अगं, ती गळती आहे,” शेवटी म्हणाली, खालच्या आवाजात. “आत कुठंतरी तारेवरचं आवरण गेलंय. करंट बॉडीत येतोय. बाबा होते तेव्हा अर्थिंगची तार होती, आला असता तरी तो जमिनीत गेला असता. मागे तू बोर्ड बदलून घेतलास ना, त्या वायरमननं ती तार जोडलीच नाहीये, बघ, लोंबतेय नुसती. आता त्याला जायला वाट म्हणजे तू.”

“आवरण गेलंय म्हणजे? कसलं?”

“वाइंडिंगचं असेल.”

“ह्यांची वाइंडिंग गळते म्हणतेस?”

“तसंच दिसतंय.”

माझं डोकंच फिरलं. ह्यांच्या हातची मोटार दुरुस्तीला परत आलेली मी पाहिली नाही. वाइंडिंग करणारे दुसरेही होते बाजारात, त्यांच्या दुकानासमोर भांडणं व्हायची. आमच्या दारात कधी नाही. माणूस नाही तर त्याच्या कामाला नावं ठेवता? तोंडाला येईल ते बोलले मुलीला. आणि बोलता बोलता माझंच मला उमगलं की मी कुठं येऊन अडकले. बोटांना लागतं ते हे असतील, तर ह्यांचं काम कच्चं. आणि काम पक्कं असेल, तर बोटांना लागतं ते हे नव्हेत. दोन्ही मला मिळणार नव्हतं.

“उघड,” मी म्हटलं.

“काय?”

“यंत्र उघड. आत्ता. माझ्यासमोर. बघू कोणाचं आवरण गेलंय ते.”

तिनं उघडलं. काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर ज्या जागेचा त्या जागी मांडत गेली, वरचा वर, खालचा खाली. हे तिला कोणी शिकवलं विचारायची गरज नव्हती. बॉडी बाजूला झाली आणि आतून जुन्या व्हार्निशचा वास आला. मी पुढे वाकले. सगळं घर ह्याच वासाचं होतं एके काळी. ह्यांचे शर्ट, पोरीचे केस, उशा.

तार तशीच बसलेली, एकावर एक, विणल्यासारखी. दोऱ्याच्या गाठी. खाचांतून डोकावणारा कागद.

“तुझा कागद अजून पिवळा आहे, आई.”

“मग काय हिरवा होणार होता?”

तिनं दुसरा एक मीटर लावला, बटण दाबून धरलं, आकड्यावर डोळे लावून बघत राहिली. मीही.

“साफ आहे,” ती म्हणाली. पुन्हा लावला. “आई, वाइंडिंग एकदम साफ आहे. नवीसारखी.”

मग तिनं बॉडीतलं ते भोक दाखवलं जिथून तार बाहेर येते. तिथली रबराची गोल रिंग वाळून भुगा झाली होती. तार बिडाच्या कडेवर घासून घासून तिचं साल निघालं होतं, आतलं तांबं जेमतेम दिसत होतं. एवढंच. एका रबराच्या रिंगेची गोष्ट.

“म्हटलं नव्हतं?” मी म्हणाले. “म्हटलं नव्हतं मी, ह्यांचं काम गळणार नाही म्हणून?”

जिंकले होते मी. आणि जाऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले.

तेवढ्यात सलूनवाला आला. “मावशी, कात्री झाली?”

“आज बंद आहे.”

“यंत्र बंद असेल. जीभ चालू आहे ना?”

“चालू आहे. मान पुढे कर.”

तो मुलीकडे बघून डोळ्यांनीच काय झालं विचारून गेला. ती माझ्या शेजारी येऊन बसली. माझा हात घेतला आणि उलटा केला.

“बाबा उलट्या हातानं का बघायचे माहितेय? सरळ हाताला करंट लागला तर मूठ आवळते. माणूस धरून बसतो, सोडता येत नाही. उलट्या हाताला लागला तर हात झटकन मागे येतो. सुटावा म्हणून उलटा लावायचे ते.”

“सुटावा म्हणून,” मी म्हटलं.

“हो.”

“आणि गालाला?”

तिनं माझा हात तेवढा धरून ठेवला, सरळच.

नवीन यंत्राचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. कुठूनतरी जाड प्लास्टिकच्या पाट्या आणल्या, नायलॉनचा ठोकळा आणला, रजा वाढवून घेतली, आणि ह्यांच्या मोटारीसाठी नवं कवच करायला बसली. पुढची खोली पुन्हा कानशीच्या आवाजानं भरली. वाकून काम करताना जीभ दातांत धरायची, अगदी ह्यांच्यासारखी. मी कांदे चिरायचं निमित्त काढून समोर बसायचे.

“चारी बाजूंनी बंद करतेस, गुदमरून जळेल ती आत.”

“वाऱ्याला भोकं ठेवलीत, खालच्या अंगाला, आत वळणाची. वारा जाईल. बोट जाणार नाही, पाणीही नाही.”

“आणि दांडा? दांडा तर लोखंडाचाच. दगड त्याच्यावर, सुरी दगडावर, आणि सुरी माझ्या हातात.”

तिनं मान वर केली. बरं वाटलं असावं तिला. “मोटारीचा दांडा वेगळा, दगडाचा वेगळा. मध्ये नायलॉनचा जोड. फिरणं पुढे जाईल, करंट नाही जाणार.” मग बोटानं दाखवलं, “बघ, दोन पदर आहेत. आतला तुझा नि बाबांचा, कागद आणि व्हार्निश. बाहेरचा माझा. एक फाटला तरी दुसरा धरेल.”

मी पेटीला नावं ठेवायला लागले. कोपरा टोचतो म्हटलं, तिनं गोल केला. स्विच लांब आहे म्हटलं, हाताच्या कोपरानं दाबता येईल असा मोठा, जवळ आणला. कोपरा अजून टोचतो म्हटलं. तिनं पुन्हा घासला.

“आई, आता कोपराच उरला नाही.”

“मग कड टोचते.”

तिनं कानस खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. पुन्हा उचलली. बसली घासत, सगळा दिवस, जिथं काहीच टोचत नव्हतं ती कड.

पण पेटी कधीतरी पुरी होतेच. सोललेली तार तिनं बदलली, वायरमनची लोंबतीही जोडली, बोर्डाचं झाकण लावलं. मग ते लोखंडी बोट माझ्या हातात दिलं. “तू बघ.”

मी सगळीकडे खुपसून पाहिलं. खालून, बाजूनं, स्विचपाशी, जोडापाशी. कुठंही गेलं नाही. यंत्र सुरू केलं. आवाज तोच होता, जरा दबलेला, शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा. मुलगी पाठीमागे हात बांधून उभी होती. शाळेतून वही दाखवायला आणायची तेव्हा अशीच उभी राहायची, आणि मला तर वाचताही धड यायचं नाही.

मी चटई सारली. चपला काढल्या. हात ओला केला. ह्या वेळी तिनं अडवलं नाही. उलटी बोटं टेकवली, मान वाकडी केली.

काही नाही. गुळगुळीत, किंचित कोमट, आणि काही नाही.

बोटं पदराला पुसली. मग चपला घातल्या, चटई जागेवर ओढली आणि वळले.

“काम चोख आहे,” मी तिला म्हटलं. “तुझ्या बाबांच्या शेजारी ठेवायच्या लायकीचं आहे, आणि हे मी दुसऱ्यांदा सांगणार नाही, तेव्हा आत्ताच ऐकून घे. पण रोज सकाळी माझ्या हाताला काहीतरी लागत होतं, ते तू बंद केलंस. बरोबर केलंस. आता ते देणं तुझ्याकडे. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी फोन करायचा. ‘जेवलीस का, ठेवते’ असला नाही. नीट बोलायचं, मी भांडले तरी ठेवायचा नाही. आणि पुढच्या खेपेला दारात आलीस की ते बोट पर्समध्ये राहू दे आणि आधी आईला हात लाव. उलटा नको. सरळ.”