हैदराबादचा पांढरा मोर

वैशाखात जालन्याचं कापसाचं जिनिंग बंद झालं की बद्रीनाथाला आठ-दहा दिवस मोकळे मिळत. तो तिथल्या वजनकाट्यावर कारकून होता. दर साली ते दिवस पिंपळगाव रेणुकाईला, भावाच्या शेतावर जात. पण यंदा त्यानं कचरूला शब्द देऊन ठेवला होता, चौथी पास झालास तर खराखुरा वाघ दाखवीन म्हणून. कचरूनं पास होऊन दाखवलं. आता वाघ दाखवणं आलं.

"दोनच ठिकाणं हायेत," जेवायला बसल्यावर बद्रीनाथ म्हणाला. "मनमाडला गाडी बदलून गेलं की मुंबई, तिथं राणीचा बाग. न्हाईतर इकडं परभणी-नांदेडवरून हैदराबाद, तिथं बागेआम. वाघ दोन्हीकडं हाये. कोणतं तरी एक ठरवा."

"मुंबई!" कचरू म्हणाला. "तिथं समुद्रबी हाये."

"समुद्रात वाघ असतो का?" धाकटी नंदा सहा वर्षांची होती. "मला हत्तीवर बसायचंय. हत्ती कुठं हाये?"

"दोन्हीकडं."

थोरली साळू बारा वर्षांची. कोणतीही गोष्ट ती ताटातल्या मिठासारखी आधी कडेला ठेवायची, मग लागेल तशी घ्यायची.

"मलाबी मुंबईच बरी वाटून राह्यली," बद्रीनाथ म्हणाला. "जिनिंगमधले दोघं जाऊन आले. लई तारीफ करतात. मंग मुंबईच धरायची का?"

चुलीपुढं पुष्पाबाई भाकरी थापत होती. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारायला हवं होतं असं तिलाही वाटलं नव्हतं. सुट्टी पोरांची, कमाई नवऱ्याची. पण हैदराबादचं नाव निघाल्यापासून तिचे कान तिकडंच लागले होते. तिची पाठची बहीण दुर्गा हैदराबादला दिली होती. दुर्गाचा नवरा रामराव तिथं एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. बहिणींची शेवटची भेट आईच्या तेराव्याला झाली, त्याला नऊ वर्षं झाली होती. नंदा तर मावशीनं पाहिलीच नव्हती. वर्षाकाठी दोन पत्रं यायची. दुर्गा सांगायची, रामराव लिहायचा. आणि इकडं पुष्पाबाईला वाचता येत नव्हतं म्हणून बद्रीनाथ वाचून दाखवायचा.

"हैदराबादला पांढरा मोर हाये," पुष्पाबाई म्हणाली.

आपण हे कुठून काढलं ते तिचं तिलाच कळलं नाही. पोरं वळून बघायला लागली.

"पांढरा?" नंदानं विचारलं. "सगळा?"

"सगळा. पिसारासुदिक."

"तुला काय ठाव?" कचरू म्हणाला.

"दुर्गीनं लिव्हलं व्हतं. मागल्या पत्रात."

हे बोलली आणि तिचा हात भाकरीवरच थांबला. मागलं पत्र बद्रीनाथानंच वाचलं होतं, दोनदा. त्यात रामरावाचा खोकला होता, घरमालकिणीची कुरकुर होती, 'माझ्या पुष्पाक्काला माझी आठवण येते का' असं होतं. मोर नव्हता. तिनं मान वर केली नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी उलथली नाही.

बद्रीनाथानं घास खाली ठेवला. बायकोच्या पाठीकडं त्यानं जरा वेळ पाहिलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिनं त्याच्याकडं एक लुगडंसुद्धा मागून घेतलं नव्हतं.

"हां, लिव्हल्तं खरं," तो म्हणाला. "मीच इसरलो व्हतो बघ. पांढरा मोर. मुंबईला तसला मोर न्हाई."

"मंग हैदराबाद!" नंदा ओरडली.

साळूनं आईकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं आणि म्हणाली, "मीबी हैदराबाद."

कचरू एकटा पडला. मोर खरंच आहे का ते विचारायला तो हात धुऊन तसाच शेजारी पाशामियाँकडं पळाला. पाशामियाँ जिनिंगच्या इंजनावर होते आणि तरुणपणी दोन वर्षं हैदराबादला राहिले होते. त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं.

"देख बेटा, मी असताना तर न्हवता. पन आता आला असंल. सरकारचा बाग हाये, तिथं काय कमी? बिलकुल आला असंल."

तेवढ्यावर कचरूचं समाधान झालं.

पुढचे चार दिवस पुष्पाबाईला जड गेले. नंदा तिचा पदर सोडीना. मोर काय खातो? रात्री दिसतो का? पावसात मळतो का? एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं लागायचं. मोर दाण्याऐवजी दूधभात खातो, इथपर्यंत गोष्ट गेली, तेव्हा पुष्पाबाईनं घाबरून पीठ चाळायला घेतलं आणि पोरीला बाहेर पिटाळलं. नवरा या विषयावर चकार शब्द काढत नव्हता. एकदा तिनंच सुरुवात केली, "अहो, ते पत्राचं..." तर तो म्हणाला, "दुर्गीसाठी काय घ्यायचं ते बघ. घरच्या तिळाची चटणी तिला आवडते ना?" त्याला हे आठवत होतं याचंच तिला नवल वाटलं.

निघायच्या दिवशी पाशामियाँची बायको मदिना कांद्याचं लोणचं घेऊन ठेसनापर्यंत आली. गाडी दुपारची होती. डबा तापलेला, खिडकीतून धूळ. परतूर गेलं, परभणी गेलं, पूर्णेला पोरांनी पाणी भरून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबाद आलं.

बद्रीनाथानं आधीच पत्र टाकलं होतं, म्हणून फलाटावर रामराव उभा होता आणि त्याच्यामागं दुर्गाबाई. पुष्पाबाईच्या डोळ्यांपुढं नऊ वर्षांपूर्वीची भरल्या अंगाची दुर्गी होती. ही बाई वाळलेली होती, कानाजवळचे केस पिकले होते. दोघी एकमेकींपुढं उभ्या राहिल्या. दुर्गाबाईनं बहिणीचा हात हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला, बाजारात भाजी पाहावी तसा.

"किती काळी पडलीस गं आक्का."

"आन तू? जेवतीस का न्हाई?"

मग दोघीही रडल्या. नंदा घाबरून बापाला बिलगली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळे बागेआमला गेले. केवढी तरी झाडं, मधून आखीव रस्ते, आणि एका अंगाला जनावरांचे पिंजरे. वाघ गजांपलीकडं पाठ करून झोपला होता. कचरूनं टाळ्या वाजवल्या, शिट्टी मारली, 'ए वाघोबा' म्हणून हाका मारल्या. वाघानं एकदा शेपूट आपटलं, तेवढंच. पण तेवढ्यानंही कचरू दोन पावलं मागं सरला आणि खूश झाला. हत्तीनं नंदाच्या हातातला ऊस घेतला, तेव्हा त्याच्या सोंडेचा ओला स्पर्श झाला आणि ती दिवसभर तो हात धुवायला तयार होईना. अस्वल होतं, सांबर होतं, माकडं होती. दोघी बहिणी मागं एका चिंचेखाली बसल्या होत्या. वाघाकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"आता मोर!" नंदा म्हणाली.

मोरांचा पिंजरा सापडला. चार मोर होते, चांगले निळेभोर. तिथं पाणी मारणाऱ्या म्हाताऱ्या रखवालदाराला कचरूनं विचारलं, "चाचा, पांढरा मोर कुठं हाये?"

"सफेद मोर?" म्हातारा हसला. "बीस साल से हूँ इधर. सफेद मोर तो कभी आयाच नहीं, बाबा."

नंदानं बापापुढं हात वर केले. कचरू तरातरा चिंचेपाशी आला.

"माय, मोर न्हाई म्हणतात! कधीच नव्हता म्हणतात!"

दुर्गाबाई गोंधळून बहिणीकडं बघायला लागली. "कोणता मोर गं?"

पुष्पाबाईनं पदर सारखा केला. बद्रीनाथ नंदाला कडेवर घेऊन मागून येतच होता. तो बोलायला लागला, "अरे, कदाचित दुसरीकडं नेला असंल..." पण तिनं त्याला हातानं थांबवलं.

"न्हाई," ती म्हणाली. "मोर नव्हताच. म्या खोटं बोलले."

पोरांच्या माहितीत माय कधी खोटं बोलली नव्हती.

"मला माज्या बहिणीला भेटायचं व्हतं," ती म्हणाली. "तुमी मुंबईला गेले असते तर माजी भेट राह्यली असती. आजून किती वर्षं राह्यली असती, देवाला ठाव."

"मंग तसं सांगायचं की, माय!" साळूला एकदम रडू आलं. "मी तर तशीबी हैदराबादच म्हणल्ते. मला वाटलं, तुला मावशी आठवून राह्यली."

पुष्पाबाईनं साळूला जवळ ओढलं. दुर्गाबाईला आता कुठं उलगडा झाला. तिनं तोंडावर पदर धरला. हसते की रडते ते कळत नव्हतं, आणि मग ती हसतेच आहे हे कळलं. "आक्का, मोर? तुला मोरच सुचला?"

कचरू मात्र विरघळला नाही. "दादा, तुमीबी तर म्हणाले की पत्रात व्हतं."

"मीबी खोटं बोललो," बद्रीनाथ म्हणाला. "दोघं मिळून बोललो. काय शिक्षा द्यायची ती दे."

कचरूनं नीट विचार केला. "आज परत वाघाकडं जायचं. तो उठस्तोवर तिथंच थांबायचं."

"मंजूर."

वाघ उठायला दुपार टळली. बापलेक तोवर पिंजऱ्यासमोर उन्हात बसून राहिले. शेवटी वाघ उठला, अंग ताणून त्यानं केवढी तरी जांभई दिली आणि कचरूनं त्याच्या जबड्यातले सगळे सुळे पाहिले. घरी येईपर्यंत तो त्याबद्दलच बोलत होता. नंदाला मोराचं दुःख रात्रीच्या जेवणापर्यंत पुरलं. मावशीनं तिच्या केसांत मोगऱ्याचा गजरा माळला, आणि ते संपलं.

सहाव्या दिवशी निघायची वेळ आली. आदल्या संध्याकाळी पुष्पाबाई गाठोडं बांधत होती. बद्रीनाथ दारात येऊन उभा राहिला.

"तुझं लुगडं नको बांधू त्यात."

"काहून?"

"तू ऱ्हा इथं. पंधरा दिवस ऱ्हा. नंदाला ठेव संगं. मी साळूला आन कचरूला घेऊन जातो. न्यायला येतो मंग."

"आन तिकडं चूल कोण पेटवील?"

"साळूला भाकरी येते. मला वरण येतं. आन मदिनाभाभी हायेतच. उपाशी मरत न्हाई आमी."

पुष्पाबाई गाठोड्याची गाठ हातात धरून तशीच बसली. लेकरं सोडून ती कधी एक रात्रही राहिली नव्हती. नको म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"ऱ्हाते," ती म्हणाली.

ठेसनावर तिनं साळूला शंभर गोष्टी सांगितल्या. पीठ कुठल्या डब्यात, तुळशीला पाणी कधी, कचरूला उन्हात जाऊ द्यायचं नाही. साळू हां-हां करत गेली. गाडी सुटायला अजून वेळ होता. दुर्गाबाईनं मधेच काहीतरी विचारलं, पुष्पाबाई तिच्याकडं वळून सांगायला लागली, आणि बोलता बोलता दोघी फलाटावरून बाहेर चालू लागल्या. नंदा मधे, दोघींचा एकेक हात धरून.

शिट्टी झाली. गाडी हलली. कचरू खिडकीतून अर्धा बाहेर वाकून हात हलवत होता.

"दादा, माय इकडं बघूनच न्हाई राह्यली!"

बद्रीनाथानं त्याला सदऱ्याला धरून आत ओढलं.

"बोलू दे तिला," तो म्हणाला.