पाच ठोके

बाबांच्या डाव्या हातात तो हातमोजा घालायला परवानगी देणारी सही माझी होती. जाड, पांढरा, बोटं नसलेला, मनगटाशी पट्टीनं आवळलेला. उजवं अंग पक्षाघाताच्या झटक्यात गेलं होतं. उरलेल्या हातानं त्यांनी नाकातली अन्नाची नळी दोनदा उपसून काढली. "गोंधळलेली माणसं असं करतात," डॉक्टर वीर्समा म्हणाले आणि कागद पुढे केला.

आठवड्याभरानं मी दुसरा कागद घेऊन गेले. अकरा वर्षांपूर्वी बाबांनी स्वतः लिहून ठेवलेला: अशी वेळ आली तर नळीनं जगवू नका. अशा कागदाला आमच्या भाषेत एकच जोडशब्द आहे, बेहान्डलफरबोट. उपचारबंदी.

डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. मग बाबांवर वाकून विचारलं, "क्राइन, नळी काढून टाकू?"

"हो हो हो."

"की राहू दे?"

"हो हो हो."

"बघितलंत ना, बाई? कागद जुना आहे, माणसाचं मन बदलतं. त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकू दे मला. मी स्वतः काढीन."

पण बाबांकडे तेवढंच उरलं होतं, हो हो हो. एकेचाळीस वर्षं त्यांनी चर्चच्या मासिकाच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. स्तंभ अरुंद, शब्द लांबलचक. ओळीच्या टोकाला शब्द कुठे मोडायचा हे त्यांना विचारायला लोक बेटाच्या दुसऱ्या टोकाहून येत. काम करण्यास असमर्थ ठरलेल्याला मिळणारा विमा हा आमच्याकडे एक शब्द आहे, दहा तुकड्यांचा. लहानपणी शनिवारी मी त्यांच्याशेजारी स्टुलावर बसे. ते बोटानं टेबलावर एकेक तुकडा ठोकत जात, आणि ओळ संपेल तिथे मी ओरडे, "इथे!" पुढे शाळेत कळलं की एवढ्या लांब शब्दातही खरा जोर एकाच तुकड्यावर असतो. "मग तो जोर तुम्ही कुठे दाखवता, बाबा?"

"शिशाला जोर नसतो, पोरी. सगळे खिळे एका उंचीचे. एखादा वर आला तर कागद फाडतो."

वाचा परत आणायला फेना येई. उत्तरेकडची, मोठ्यानं हसणारी. मोज्यावर थापटत ती तोच उपचारबंदीचा शब्द गाऊन म्हणे, आणि जोराच्या तुकड्यावर आवाज चढवी. "बे-हाऽऽन! वर न्या, काका, वर! लाजता काय नव्या नवरीसारखे?"

"हो हो हो."

"हो म्हणून माझ्यापासून सुटका नाही हं. चला, परत."

दोन आठवडे गेले. बाबा तिच्या तोंडाकडे पाहत, ओठ हलवत, आणि तेच तीन शब्द बाहेर येत. डोळ्यांतून पाणी वाहे. ते पुसायचीही त्यांना सोय नव्हती.

रविवारी मी त्यांच्या उशाशी फोनवर चर्चची उपासना लावली. मी स्वतः चर्च सोडून तीस वर्षं झाली. आमच्याकडे स्तोत्रं जुन्या पद्धतीनं म्हणतात: प्रत्येक अक्षर सारखंच लांब, सारखंच जड. बाहेरच्यांना वाटतं, ऑर्गन बिघडलाय. पहिली ओळ सुरू झाली आणि बाबा गाऊ लागले. शब्दांसकट. चारही ओळी.

"जोर काढून टाक," मी सोमवारी फेनाला म्हटलं.

"अहो, मग शब्द कळणार कसा?"

"इथे कळेल."

मी त्यांच्या मोज्यावर ठोके द्यायला लागले, चर्चच्या संथपणानं. तिसऱ्या दिवशी पाचही तुकडे आले. बे. हान. डल. फर. बोट.

"आमच्या गावात याला कुणी बोलणं म्हणणार नाही," फेना म्हणाली आणि नाक पुसायला वळली.

अडचण एकच होती. पहिला ठोका माझा लागे. फेनानं दिला तर हो हो हो. मी दिला नाही तरी हो हो हो.

शुक्रवारी डॉक्टर आले. "क्राइन, या कागदावर काय आहे ते मला सांगता येईल?"

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्या हाताकडे पाहिलं. हात कोटाच्या खिशात होता. तिथे पेपरमिंटची नळकांडी होती, लहानपणी चर्चमध्ये प्रवचनाच्या सुरुवातीला बाबा मला एक गोळी देत तसली. खोलीत गरम होत होतं आणि खिडकी उघडत नव्हती. तेव्हा मला समजलं की मला फक्त सराव हवा होता. सराव चालू होता तोवर बाबा होते.

"हो हो हो," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. "पुढच्या आठवड्यात परत बघू." ते दाराकडे वळले.

"थांबा," मी म्हटलं.

मी हात बाहेर काढला, पण ठोका दिला नाही. मनगटाची पट्टी सोडली आणि मोजा ओढून काढला.

"अहो बाई, ते नळी ओढतील!"

आतला हात पांढरा पडला होता, घामानं सुरकुतलेला. तो नाकाकडे गेला नाही. बाबांनी तो पलंगाला लावलेल्या टेबलावर ठेवला, एक बोट उचललं आणि स्वतःच ठोकत एकेक तुकडा म्हटला.

बे. हान. डल. फर. बोट.

"म्हणजे काय, क्राइन?" डॉक्टरांनी हळू विचारलं.

बाबांनी त्याच बोटानं नळीला नुसता स्पर्श केला आणि हात परत टेबलावर ठेवला.

त्या दिवशी, आणि पुढचे दोन दिवस, डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला आणि तेच उत्तर मिळालं. मग नळी त्यांनी स्वतः काढली. नऊ दिवसांनी बाबा गेले. मोजा पुन्हा घालावा लागला नाही.

तो शब्द मी अजून ऐकते, भांडी घासताना, धरणाच्या बांधावरून सायकलनं जाताना. पाचांपैकी एखाद्या तुकड्यावर त्यांचा आवाज थोडा तरी अडला होता का, हे शोधत पुन्हा पहिल्यापासून ऐकते. सगळे एका उंचीचे.