घरात नसलेल्या पिस्तुलाचा साचा

ओलेटाने भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेला साचा काउंटरवर ठेवला, गाठ सोडली आणि म्हणाली, "डेन्झिल, मला अगदी असाच हवाय. पण हा नको."

डेन्झिलने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. बंदुकांच्या दुकानात त्याची तीस वर्षं गेली होती, आणि गिऱ्हाइकाचं पुरतं ऐकून घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही हा त्याचा नेम होता. साचा त्याने ओळखला. अडतीस बोअरच्या गोळीचा, लोखंडी, दोन घरांचा, म्हणजे वितळलेलं शिसं ओतून एका वेळी दोन गोळ्या पाडणारा. दांड्यांचं लाकूड तिच्या नवऱ्याच्या, हॉबर्टच्या पंजाने घासून काळं पडलं होतं.

स्टोव्हपाशी खुर्ची टाकून लोवेल बसला होता. खाण बंद पडल्यापासून तो तिथेच बसलेला असतो. विकत काही घेत नाही, सल्ला मात्र सढळ हाताने देतो.

"मिस ओलेटा, सहा घरांचा घ्या," तो म्हणाला. "एका दमात सहा गोळ्या. हॉबर्टला सांगा, दोन-दोन पाडत बसायचं वय गेलं आता आपलं."

"सहाचा हाताला जड होतो."

"मग ॲल्युमिनियमचा घ्या. फुलासारखा हलका."

"ॲल्युमिनियमचा साचा म्हणजे केकचं भांडं, असं म्हणतो तो. दारात पाऊल टाकू देणार नाही."

"नवऱ्याचं इतकं ऐकता होय तुम्ही? आमच्या घरी ही पद्धत नाही."

"तुझ्या घरी तू असतोस कधी, लोवेल?"

लोवेल मनापासून हसला. डेन्झिलही हसला आणि मागच्या फळीवरून तीन डबे काढून त्याने काउंटरवर ओळीने मांडले. मग त्याने तो प्रश्न विचारला, जो विचारल्याशिवाय या डोंगरात कुणी साचा विकत नाही आणि कुणी घेतही नाही.

"पिस्तूल तेच ना? अडतीस?"

ओलेटाने एकेक साचा डब्यातून काढून तळहातावर तोलून पाहिला, दुकानात भोपळे घेताना पाहावेत तसा. केसाच्या जाडीइतका फरक पडला तरी गोळी वाया जाते, हे तिला बेचाळीस वर्षांच्या संसारात ऐकून ऐकून पाठ होतं. गोळीचा बारीकसारीक हिशेब मात्र तिला कधीच कळला नव्हता. तो हॉबर्टचा प्रांत होता.

"लोवेल," ती म्हणाली, "माझ्या गाडीची मागची काच उघडी राहिली वाटतं. जरा बघून येतोस?"

लोवेलने आधी तिच्याकडे पाहिलं, मग डेन्झिलकडे. टोपी उचलली.

"उघडी नसली तरी बंद करून येतो," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

दार लागेपर्यंत ती थांबली. मग एका दमात बोलून टाकावं तशी बोलू लागली, कारण दम घेतला असता तर पुढचं बोलणं झालं नसतं.

"हॉबर्टला विसर पडतोय, डेन्झिल. किल्ल्या आणि चष्म्यापुरता नाही. परवा बहीण गेल्याचं त्याला पुन्हा सांगावं लागलं, आणि तो पुन्हा पहिल्यासारखा रडला. शर्टाची बटणं लावताना मध्येच थांबतो आणि मला विचारतो, पुढे काय? जेवणाआधी प्रार्थना म्हणतानासुद्धा विचारतो. फक्त गुरुवारी शेडमध्ये शिसं वितळवायला बसला की विचारत नाही. तेवढे दोन तास तो माझा हॉबर्ट असतो. मी शेजारी खुर्ची टाकून बसते, भट्टीचं बटण माझ्या हाताशी ठेवते. काही होऊ देत नाही मी."

"कोण आहे आत्ता त्याच्याजवळ?"

"चर्चमधली हेटी. तासाभरासाठी." तिने फडक्याची घडी घातली. "पण हल्ली चकचकीत गोळी साच्यातून पडली रे पडली की तो मला विचारतो, माझं पिस्तूल कुठाय? मी सांगते, चाप अडकत होता म्हणून तूच एप्रिलमध्ये डेन्झिलकडे टाकलंस. मग म्हणतो, चल, घेऊन येऊ. आधी गुरुवारी विचारायचा, आता रोज विचारतो. डॉक्टर म्हणाले, घरात हत्यार ठेवू नका. आणि मला तुझी धास्ती."

"माझी?"

"तू भला माणूस आहेस म्हणून. रविवारी चर्चमधून परत जाताना वाट वाकडी करशील आणि पिस्तूल दुरुस्त करून त्याच्या हातात देशील. ते देऊ नकोस. मी सांगितल्याशिवाय कधीच देऊ नकोस." तिने घडी घातलेलं फडकं पुन्हा उलगडलं. "आणि साचा असा दे, की आमच्या घरात त्याला लागू पडेल असं पिस्तूलच नसेल. हाताला हाच वाटला पाहिजे. मी त्याला सांगेन, कुणीतरी गोळ्या पाडून मागितल्यात. मग पाडताना स्वतःचं पिस्तूल आठवणार नाही. तुला वेड्यासारखं वाटत असेल हे."

"नाही," डेन्झिल म्हणाला.

तो काउंटरखाली वाकला. वर आला तेव्हा त्याच्या हातात तपकिरी कागदाची पिशवी होती, वरचं तोंड दोनदा दुमडून चिकटपट्टीने बंद केलेली. पिशवीवर पेन्सिलीने तिचं नाव लिहिलं होतं. अक्षर हॉबर्टचं होतं. पूर्वीसारखं, सरळ आणि ठाशीव.

"चाप अडकत नव्हता, मिस ओलेटा. पिस्तुलाला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. तेल देऊन, पुसून आणलं होतं त्याने. म्हणाला, हे घे आणि दूरच्या कुणाला तरी विकून टाक, माझ्या ओळखीच्याला नको. आणि त्याच्या बदल्यात एक साचा बाजूला काढून ठेव."

तिने पिशवी स्वतःकडे ओढली.

"अख्खी दुपार होता तो इथे," डेन्झिल म्हणाला. "एकेक साचा उघडून, मिटून, हातात धरून बघत होता. शेवटी एक्केचाळीसचा निवडला. मी म्हटलं, हॉबर्ट, एक्केचाळीस तुझ्याकडे कुठाय? म्हणाला, नाही म्हणूनच तर. मी पिस्तूल मागायला लागलो की ओलेटा तुझ्याकडे येईल. तू तिला बोलावू नकोस, ती आपणहून येईल. तिला काय हवंय ते नीट सांगता येणार नाही, तेव्हा हा काढून दे."

"आणि तू सहा महिने गप्प बसलास."

"त्याने शब्द घेतला होता."

"मी त्याची बायको आहे, डेन्झिल. रविवारी माझ्या पुढच्या बाकावर बसतोस तू. माझ्या हातचा केक खातोस." तिला राग आला होता आणि तो कुणाचा, हे तिला सांगता आलं नसतं. "मला का नाही सांगितलं त्याने?"

डेन्झिलने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला.

"म्हणाला, तिला अजून कळलेलं नाही. तिचे जितके दिवस बरे जातील तितके जाऊ देत."

ओलेटाला नाताळापासून माहीत होतं. ओव्हनमध्ये ठेवलेले त्याचे बूट तिने त्याला न कळता बाहेर काढले होते. बँकेतून आलेलं पत्र लपवलं होतं, त्याने दोनदा सांगितलेल्या गोष्टींना ती दोन्ही वेळा हसली होती. त्याला कळू नये म्हणून ती जपत होती, आणि तिला कळू नये म्हणून तो. त्या शेवटच्या चांगल्या महिन्यांत दोघं एका टेबलावर बसून जेवत होती आणि कुणीच काही बोललं नाही. बोलता आलं असतं. तेव्हा तो बोलू शकत होता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्याला सांग."

बोलून गेल्यावर तिलाच कळलं की ते ज्याला सांगायचं तो आता राहिला नाही. बाहेर लोवेल तिच्या गाडीला टेकून, बंद काचेकडे बघत उभा होता.

गुरुवारी जेवण झाल्यावर दोघं शेडमध्ये गेली. ओलेटाने दार सताड उघडं ठेवलं, पंखा लावला, भट्टी चालू केली. हॉबर्टने टायर तोलायला लावतात ती जुनी शिशाची वजनं एकेक करून आत सोडली. वर आलेली राख पळीने बाजूला काढली. नवा साचा त्याने, जुनेच दांडे बसवल्यासारखा, सहज हातात घेतला आणि ती मनातल्या मनात देवाचे आभार मानून मोकळी झाली.

पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या पडल्या. त्याने त्या न बघताच भट्टीत परत टाकल्या. साचा तापेपर्यंत असंच होतं, पहिल्या पॅनकेकसारखं. सहाव्यांदा त्याने लाकडी दांड्याने साच्याची वरची पाती ठोकली, साचा उघडला, आणि जाड टॉवेलवर दोन लखलखीत गोळ्या घरंगळल्या. त्या निवल्यावर त्याने एक उचलली आणि जाडी मोजायचं कॅलिपर लावलं.

"पॉइंट चारशे दहा इंच," तो म्हणाला. पुन्हा लावलं. "हे एक्केचाळीसचं आहे. आपलं अडतीस. कुणी आणला हा साचा?"

"मीच आणला."

"आणि निवडून कुणा मूर्खाने दिला? आपल्याकडे कोणतं पिस्तूल आहे तेही ठाऊक नाही त्याला?"

तिने ठरवून ठेवलं होतं की सांगायचं, शेजारच्या काउंटीतल्या कुणीतरी मागवल्यात. ते तिच्याच्याने म्हणवलं नाही.

"त्याला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"आणि तरी हाच दिला?"

"मुद्दाम. अख्खी दुपार घालवली त्याने निवडण्यात."

हॉबर्टने गोळी उजेडात धरून फिरवली. कडा धारदार होत्या, तळ सपाट होता, कुठे खळगा नव्हता. तो अशा गोष्टींत खोटं बोलणारा माणूस नव्हता.

"साचा चांगला आहे," त्याने कबूल केलं. "लोखंडी. माणसाला कळत होतं तर. मी ओळखतो त्याला?"

"ओळखायचास."

"मग आणत का नाहीस घरी? जेवायला बोलव. बीन्स कर, मक्याचा ब्रेड कर."

"बोलावते. हल्ली कमी येतो तो."

"का? काही बोलली होतीस त्याला?"

"नाही," ओलेटा म्हणाली. "काहीच बोलले नाही. तेच राहिलं."

"बोलायचं असतं," हॉबर्ट म्हणाला, आणि साचा मिटून त्याने पळी शिशात बुडवली.

त्या दिवशी त्याने पिस्तुलाचं नाव काढलं नाही. संध्याकाळपर्यंत तीनदा विचारलं, तो माणूस आला का. जेवायला बसताना त्याने स्वतः कपाट उघडलं आणि टेबलावर तिसरं ताट मांडलं. ओलेटाने ते उचललं नाही.