दोन दारांच्या मधे

“बायकांच्या वॉर्डात नाही घेता येणार. बाकीच्या पेशंट तक्रार करतात,” सिस्टर म्हणाली.

“आणि पुरुषांच्या वॉर्डात मी हिला जाऊ देणार नाही,” ताई म्हणाली.

म्हणून चिमणी सकाळपासून दोन्ही वॉर्डांच्या मधल्या बोळात चाकांच्या खाटेवर पडून होती. दुकानाची पाटी रंगवताना शिडीवरून पडून तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं. घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं. आपण मुलगी आहोत असं तिने सांगितलं, त्या दिवशी घर तुटलं. तेव्हापासून ती ताईच्या पार्लरमागच्या खोलीत राहत होती. ताईही त्याच वाटेने आलेली.

“घोटभर पाणी तरी पी गं.”

“नको.” मग चिमणी हळूच म्हणाली, “सकाळपासून लघवी दाबून धरलीये. इथे सगळे बघतात, ताई.”

ताईने फोन लावले. थोड्याच वेळात पार्लरमध्ये नेहमी जमणारी मंडळी घरच्या चादरी घेऊन हजर झाली: शाळेतल्या बाई, फुलवाली, आणि ‘मी बाईही नाही नि बाप्याही नाही’ असं ठणकावून सांगणारे एक टॅक्सीवाले. त्यांनी खाट भिंतीला लावली आणि चिमणीकडे पाठ करून तिन्ही बाजूंनी चादरी धरल्या.

“हा काय तमाशा लावलाय?” सिस्टर धावत आली.

“तमाशा सकाळपासून चाललाय. आम्ही पडदा पाडतोय,” टॅक्सीवाले म्हणाले. “भांडं तेवढं द्या.”

सिस्टर क्षणभर घुटमळली. मग स्वतःच भांडं घेऊन चादरीच्या आत शिरली.

ती बाहेर आली तेव्हा बायकांच्या वॉर्डाच्या दारात एक म्हातारी सलाईनचा दांडा धरून उभी होती.

“माझ्या शेजारची खाट रिकामी आहे. कोण तक्रार करतंय ते मला दाखवा तरी.”

सिस्टरने आत पाहिलं. एकीने रिकाम्या खाटेवरची आपली पिशवी मुकाट्याने उचलली.

सिस्टरने खाटेचे ब्रेक सोडले.

संध्याकाळी रखवालदार भेटायला आलेल्यांना बाहेर काढत आला. “पेशंटजवळ घरचं एकच माणूस थांबेल. तुम्ही कोण हिच्या?”

ताई काही बोलायच्या आत चिमणी डोळे न उघडताच म्हणाली, “आई आहे ती माझी.”

रखवालदाराने ताईच्या रुंद खांद्यांकडे, हनुवटीवरच्या दाढीच्या खुंटांकडे पाहिलं. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून खाटेशी ठेवलं.

“बसा, आई.”