खुंट्यांच्या आतला माळ

गौरम्मा सोलापुरात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मोहोळच्या वाटेवरच्या माळावर त्यांनी चार लोखंडी खुंट्या ठोकून एक चौकोन आखला होता. दर भाद्रपदात एसटीने तिथं जायचं, उन्हात उकिडवं बसायचं आणि आत काय उगवलंय ते टिपायचं, हा त्यांचा नेम. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं, मधूनच निळी विष्णुक्रांत.

बहात्तरच्या दुष्काळात तिथं काडी उरली नाही.

"यंदा काय लिहिणार?" प्राचार्यांनी विचारलं.

"काही नाही, असं लिहीन," त्या म्हणाल्या आणि माळावर गेल्या.

दोन वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, माळावर मेंढरं राखणारी म्हाळसाबाई एसटीनं येऊन धापा टाकत कॉलेजच्या फाटकाशी आली. "बाई, फारेष्टवाले तुमच्या खुंट्या उपटाय लागलेत. झाडं लावनार म्हनं."

तास सोडून गौरम्मा तिच्याबरोबर निघाल्या. पोचल्या तेव्हा निम्म्या चौकोनात निलगिरीसाठी खड्डे पडले होते. दोन खुंट्या मातीच्या ढिगावर फेकलेल्या. गौरम्मा सरळ उरलेल्या निम्म्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, बाजूला व्हा," वनखात्याचा साहेब म्हणाला. "पडीक जमीन आहे ही. आम्ही इथं जंगल करतोय."

"पडीक कोण म्हणतं? दुष्काळ सरल्यावर पहिल्या पावसाला हीच उठली. माझ्याकडे साल न् साल लिहिलेलं आहे."

"नुसतं गवत तर आहे!"

"गवतच आहे. म्हणून तर उभी आहे."

"सरकारी कामात अडथळा आणताय. नोकरीवर येईल."

"येऊ द्या. तक्रार लिहा, माझं नाव मी सांगते. गौरम्मा रुद्रप्पा हत्तुरे. जोडाक्षरं नीट काढा."

मजूर थांबले. तेवढ्यात म्हाळसाबाईनं मेंढरं हाकत आणून गौरम्मांभोवती उभी केली आणि स्वतः खाली बसली.

"आता खांदा की," ती साहेबाला म्हणाली. "माज्या जित्राबांनी खायाचं काय, तुमचा निलगिरीचा पाला? त्याला तोंड बी लावत न्हाईत ती."

ऊन कलेपर्यंत दोघी हलल्या नाहीत. साहेबानं शेवटी खड्ड्यांची रांग वळवायला लावली. तक्रार मात्र केलीच. कॉलेजनं गौरम्मांना लेखी ताकीद दिली आणि माळावर जायला मनाई केली.

भाद्रपदात त्या गेल्या. रजा टाकून, स्वतःच्या खर्चानं.

राखलेल्या निम्म्यात कुसळी गुडघ्याला लागत होती. खणलेल्या निम्म्यात टाकळा माजला होता. पवन्याचं एक पातं नव्हतं. निलगिरीची रोपं मात्र तरारली होती. त्या वही घेऊन खणलेल्या निम्म्याकडं वळल्या.

"हिकडं कशाला बसताय?" म्हाळसाबाईनं विचारलं. "हितलं तर गेलं की समदं."

गौरम्मांनी उपटलेल्या खुंट्या दगडानं पुन्हा जागच्या जागी ठोकल्या.

"गेलेलंही लिहिणार," त्या म्हणाल्या. "दर वर्षी. निलगिरीसकट."

आणि त्या टाकळ्यात उकिडव्या बसल्या.