ओसरबाबांचा पेला

सभागृहाच्या दाराची एक फळी कधीचीच अडकून बसली होती. उरलेल्या अर्ध्या दारातून अख्खं गाव आत घुसू पाहत होतं, आणि आत गेलेले जीव खाऊन बाहेर पळत होते. कुठे? अहो, मागच्या शौचालयाकडे! हाच तर ओसरबाबांचा चमत्कार.

"प्या!" बाबा व्यासपीठावरून गर्जत. "अंगात साचलेलं पाप पाणी होऊन निघून जाईल!"

आणि खरंच जायचं. पेला रिकामा केला की अर्ध्या-पाऊण तासात माणूस उठून धावायचा. ज्याला सूज होती त्याची सूज ओसरायची, ज्याला नव्हती त्याचं पाप ओसरायचं. बाबांच्या दारातून विन्मुख असा कुणी परतायचाच नाही.

पंचाईत झाली ती सज्जनांची. निवृत्त मुख्याध्यापक एकाच बैठकीत इतक्यांदा धावले, की त्यांच्या बायकोचा चेहरा उतरला.

"अहो, एवढं काय केलंत हो तुम्ही? आणि कधी? दिवसभर तर माझ्या डोळ्यांसमोर असता!"

उलट दूधवाला एकदाच गेला, तर लोक त्याला वाकून नमस्कार करू लागले. दुधात पाणी घालतो हे ठाऊक असूनही, बरं का.

या सगळ्यात टेलरमास्तरांना मोठा मान होता. पहिल्या पेल्याआधी रोग्याचा घोटा मापायचा, चार दिवसांनी पुन्हा मापायचा, आणि आकडा मोठ्याने सांगायचा. मास्तर मापात खोटं बोलत नाहीत, हे गाव जाणून होतं. पोट सुटलेल्या नवरदेवालाही ते तोंडावर कंबर सांगत. त्यामुळे ज्यांचा बाबांवर काडीचा विश्वास नव्हता, त्यांनी मास्तरांच्या टेपवर ठेवला आणि निमूट रांगेत उभे राहिले.

त्या रांगेत मास्तरांची ताईही होती. आई गेल्यावर तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. तिच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. जिना चढताना धाप लागे, पाय सुजत, रात्री उशा रचून बसल्या बसल्या झोपावं लागे. झडपेच्या ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. बाबांच्या पेल्यांनी मात्र पायांची सूज उतरली आणि ताई कित्येक महिन्यांनी आडवी होऊन झोपली. घोट्याचा आकडा सांगताना मास्तर व्यासपीठावरच रडले.

"पाणीच उरलं नाही, तर रोग कुठला?" बाबांनी हात उंचावला. "चाकू कशाला? रद्द करा!"

झालं! ताई हटून बसली.

"निदान दवाखान्यातली गोळी तरी घे गं," मास्तर घरी विनवू लागले.

"ती? केव्हाच फेकली. मेली सारखी लघवीला पळवते. किडन्यांची वाट लागते त्याने."

"आणि बाबांचं पाणी?"

"ते पळवत नाही, पाप काढतं. तुला काय कळतंय!"

मास्तरांना काही चैन पडेना. सकाळी दुकान उघडण्याआधी त्यांनी दवाखान्यात फोन लावला आणि ताईच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून विचारलं, "मग ही सूज उतरली कशाने?" त्या म्हणाल्या, "मी येते."

त्या सभागृहात पोहोचेपर्यंत बाबांनी ताईला व्यासपीठावर घेऊन कौतुकाने दोन पेले पाजले होते. ताई उठायला गेली, डोळे फिरले आणि खाली कोसळली.

"समाधी लागली!" गर्दी ओरडली. लोक तिच्या पायांवर डोकी टेकायला धावले. मास्तरांनी तिचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता.

"कसली समाधी! बीपी एकदम खाली आलंय," डॉक्टरीणबाई गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांनी ताईचे पाय उंचावर ठेवले आणि रुग्णवाहिका बोलावली. "अंगातलं पाणी गरजेपेक्षा जास्त काढलंय. बाबा, पेल्यात काय असतं?"

"निव्वळ पाणी आणि माझी कृपा."

"मग एक तुम्ही घ्या."

"मी निष्पाप आहे. मला गरज नाही."

मास्तरांनी भरलेला पेला पुढे केला. "मग तर काहीच होणार नाही. घ्या, बाबा."

"घ्या, बाबा!" गर्दी भक्तिभावाने ओरडली. निष्पाप माणूस कसा दिसतो, हे सगळ्यांनाच बघायचं होतं. बाबांना प्यावंच लागलं. मग त्यांनी संयमावर प्रवचन सुरू केलं. आधी संथ, मग घाईघाईने, मग पायावर पाय आवळून. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला आणि बाबा झगा सावरत पळाले. अर्ध्या दारात गर्दी तुंबलेली, आणि त्यांना बघून प्रत्येक जण पाया पडायला वाकलेला!

"सोडा! अरे, सोडा रे मला!"

"बघितलंस?" मुख्याध्यापक बायकोला म्हणाले. "आता बोल!"

इकडे डॉक्टरीणबाईंनी व्यासपीठामागचा पडदा सारला. तिथे खलबत्त्यात पांढरी पूड होती आणि शेजारी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग. स्ट्रेचरवरून ताईने मान वळवली.

"अगंबाई! ही तर माझीच गोळी!"

"तुमचीच. लघवी वाढवणारी. मी ती बेताने देते, रक्त तपासते. यांनी पेले भरून पाजली. सूज उतरणारच हो, औषध खरं आहे! पण ते दार बघा. अर्धं अडकलंय म्हणून माणसं तुंबलीत. चार जणांना मागून बाहेर काढलं, तर दार दुरुस्त होईल? तुमची झडप तशीच आहे, ताई. पाणी पुन्हा साचणार. गोळीही हवी आणि ऑपरेशनही."

ताईने त्या अर्ध्या दाराकडे बघितलं. "तारीख गेली का हो?" तिने हळूच विचारलं.

"नाही. मी राखून ठेवलीय."

ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी ताई मास्तरांच्या दुकानाचा जिना चढून आली. मधे कुठेही थांबली नाही. मास्तर वर उभे राहून तिची पावलं ऐकत होते. डोळे पुसून त्यांनी सवयीने टेप काढली.

"ठेव ती," ताई हसली. "माप तुझं तेव्हाही बरोबर होतं."

खरंच होतं. सूजही खरोखरच उतरली होती. म्हणून मंडळी, पुढच्या वेळी कुणी डोळ्यांदेखत चमत्कार करून दाखवला, तर टाळी जरूर वाजवा. पण पेला तोंडाला लावण्याआधी, हे कशाने झालं, एवढं विचारा. मास्तरांनी विचारलं, म्हणून त्यांची ताई आहे.